उशीवरून सरळ दिसतंय का

आडव्या माणसाशी लोक मोठ्याने बोलतात. माझी मान मोडली, कान नाही मोडले, हे मी किती जणांना सांगितलं असेल त्याला सुमार नाही. तरी येणारा येतो, पलंगाच्या कठड्याला धरून वाकतो आणि बहिऱ्याला विचारावं तसं विचारतो, काय मास्टर, कसं काय? मी म्हणतो, मजेत. दुसरं काय म्हणणार? मग त्याची नजर वर छताकडे जाते. छतावर काहीतरी चालूच असतं. तो म्हणतो, तुमची तर चैन आहे बुवा, आणि स्वतःची मान अवघडेपर्यंत बघून निघून जातो.

मास्टर म्हणजे शाळेतला नव्हे. मी शिंपी. कोट, पँट, शर्ट. बायकांचे कपडे मी कधी हातात घेतले नाहीत, ते खातं आमच्या हिचं. दुकानात माळ्यावरून कापडाचा तागा काढताना शिडी सरकली आणि मी ताग्यासकट खाली आलो. ताग्याला काही झालं नाही. माझं मानेपासून खालचं सगळं गेलं. डाव्या हाताची दोन बोटं हलतात, तीही त्यांच्या मर्जीने. तेव्हापासून आतल्या खोलीत हा दवाखान्यातल्यासारखा पलंग, दोन्ही अंगांना लोखंडी कठडे, आणि मध्ये मी. दुकान बंद केलं. मशीन घरी आणलं, बाहेरच्या खोलीत ठेवलं, तिथे ही शिवते. मला दिसत नाही, पण आवाजावरून कळतं की सुई बोथट झालीय. मी इथून ओरडून सांगतो. ती म्हणते, कळलं. सुई काही बदलत नाही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं समजेल. मला स्पर्श कळतो तो फक्त गळ्याच्या वर. कुणी हात हातात घेतला, पाय दाबले, छातीवर हात ठेवला, तरी मला ते नुसतं दिसतं. भेटायला आलेली माणसं डोळ्यांत पाणी आणून माझा पंजा कुरवाळतात आणि मला वाटतं, हे काय दुसऱ्याच कुणाचं चाललंय. माझं म्हणून उरलंय ते गाल, कपाळ, कान. तिथे कोण हात लावतो? सकाळी ही फडक्याने तोंड पुसते, तेवढंच.

पहिले काही महिने, खरं सांगायचं तर, इतके वाईट नव्हते. संध्याकाळी ही काज करायला इथेच खुर्ची ओढून बसायची. पोरगा कामावरून आला की पलंगाच्या पायथ्याशी बैठक मारायचा आणि त्याच्या साहेबाच्या नावाने बोटं मोडायचा. मी त्यात तेल ओतायचो. मग ही दोघांना गप्प करायची. कधी कधी आमची तिघांची चांगली जुंपायची, मी पडल्या पडल्या तोंड वाजवायचो, ही ताडकन उठून जायची, आणि परत खुर्चीत येऊन बसायची, कारण दिवा या खोलीतलाच चांगला होता. घर होतं ते.

मग पोराच्या डोक्यात आलं की बाबा दिवसभर कोऱ्या छताकडे बघत पडतात. त्याला ते बघवेना. एक दिवस खोका घेऊन आला, त्यातून पावाच्या लादीएवढा प्रोजेक्टर काढला, माझ्या डोक्याशी स्टँडवर बसवला आणि त्याचं तोंड छताकडे केलं. मनात वाईट कुणाच्याच नव्हतं. तीच तर पंचाईत आहे. वाईट असतं तर मी शिव्या घालून मोकळा झालो असतो.

पहिलं चित्र पडलं ते उलटं. माणसं डोक्यावर चालत होती. त्याने रिमोटवर मेनू काढला, कुठल्या कुठल्या खणात शिरला, आणि चित्र पालथं करून सुलटं केलं. आता माणसं पायावर उभी राहिली, पण चौकट वर रुंद आणि खाली निमुळती, विजारीचं कापड कापून ठेवावं तशी. पोरगा खुर्चीत बसून बघायचा, बटण दाबायचा, मला विचारायचा. मी म्हणायचो, अजून. तो म्हणायचा, मला तर उलट जास्तच वाकडं दिसतंय. अर्थात दिसणार. खुर्चीतून वर बघितलं तर काय सरळ दिसणार आहे? शेवटी वैतागून त्याने कठडा खाली केला, मला दोन्ही हातांनी थोडं सरकवलं आणि माझ्या शेजारी आडवा झाला. डोकं माझ्या उशीवर. कान माझ्या कानाला टेकलेला.

तो काहीतरी सांगत होता, याला कीस्टोन म्हणतात बाबा, चारही कोपरे वेगवेगळे ओढता येतात, बघा आता. त्याच्या जबड्याची हालचाल माझ्या कानात येत होती. दाढीचं खुंट गालाला टोचत होतं. पडल्यापासून इतक्या जवळ कुणी आलं नव्हतं, म्हणजे आलं असेल, पण मला कळलं नव्हतं. मी मनात म्हटलं, हे यंत्र देवासारखं आलं.

चित्र सरळ झालं. पोरगा उठला, कठडा वर केला. हिने येऊन कौतुक केलं. आणि त्या दिवसापासून माझी खोली रिकामी झाली.

कारण साधं आहे. चित्र दिसायला अंधार लागतो. म्हणून दिवा बंद, पडदे ओढलेले. अंधारात ही काज कशी करणार? ती बाहेर दिव्याखाली गेली. पोरगा आला की दारातूनच विचारायचा, बघताय ना? मग तोही बाहेर बसायचा, माझ्या बघण्यात व्यत्यय नको म्हणून. मला त्यांची कुजबुज ऐकू यायची, शब्द कळायचे नाहीत. शेजारची कुणी आली की ही सांगायची, यांना लावून दिलंय. लावून दिलंय! गिरणीत दळण लावून देतात, तसं मला लावून दिलं होतं.

पुढे पोराने त्याला नेटवर्कवर घेतलं. त्याचं काम पलीकडच्या भागात, दिवसभर तो तिकडे. पण प्रोजेक्टर बंद असला तरी एक कान उघडा ठेवतो म्हणे, तसं मेनूत ठरवता येतं. मग हा कामाच्या जागेवरून फोनवर बोट फिरवायचा आणि इथे माझ्या डोक्यावर मासे पोहायला लागायचे. बाबांना समुद्र आवडतो असं याला कुणी सांगितलं कोण जाणे. मी जन्मात समुद्र बघितला नाही आणि आता बघायची इच्छाही उरली नव्हती. हिला सांगावं बंद कर, तर तिच्याच्याने बंद होईना. एकदा फडक्याने पुसताना तिच्याकडून कुठलंसं बटण दाबलं गेलं आणि सगळा मेनू भलत्याच भाषेत गेला, म्हणून पोराने वरची बटणं कुलूपबंद केली आणि पासवर्ड घातला. रिमोट कपाटात. मासे येरझारा घालायचे आणि मी डोळे मिटून घ्यायचो. बंद करता येण्यासारखी माझ्याकडे तेवढीच एक गोष्ट होती.

मी त्याला स्पष्ट का नाही सांगितलं, असं तुम्ही विचाराल. काय सांगू? तू एवढ्या हौसेने आणलेलं यंत्र उचल आणि माझ्यापाशी येऊन पड, असं? बापाने? आमच्या घरात असलं बोलायची रीत नाही. मी पोराला जवळ घेतलं असेल ते माप घेण्यापुरतं.

पहिली तक्रार खरी होती. माणसं पिवळी दिसायला लागली होती, सगळ्यांना कावीळ झाल्यासारखी. मी म्हटलं, रंग बिघडलाय. पोरगा हातपाय धुवून आला, कठडा खाली केला, आडवा झाला. रंग नीट करायला वेळ लागला. आधी सगळे निळे पडले, मग लाल झाले, तो हसायला लागला, मीही हसलो. चित्र गेलं खड्ड्यात, मला त्याचं हसणं गालावर कळत होतं.

दुकानात मी आयुष्यभर एक बघितलं होतं. गरीब गाय गिऱ्हाईक असतं ना, शिवून झालं की सावकाश द्या म्हणणारं, त्याचा कपडा गठ्ठ्यात खाली खाली जातो. आणि जो दारात उभा राहून कटकट करतो, त्याचा कपडा आधी मशीनवर चढतो. म्हटलं ठीक आहे. आजपासून मी कटकट करणारं गिऱ्हाईक.

आज चित्र अंधुक आहे. आज कडा थरथरतायत. आज आवाज आधी येतो आणि ओठ मागून हलतात. आज अडकत अडकत चाललंय, नेटवर्कचं बघ. कधी यातलं थोडं खरं असायचं, बहुतेक वेळा मुळीच नसायचं. आणि काही सुचलं नाही तर हुकमी एक होतंच, चौकट वाकडी आहे. तिथे माझा शब्द शेवटचा. तो म्हणायचा, मला सरळ दिसतंय. मी म्हणायचो, तुला कसं दिसेल, तू कडेला आहेस, आणि तुला आडवं-उभं कधी कळलंय? ते मात्र खरं होतं. पोराला कापडातलं काही कळत नाही. लहानपणी एकदा त्याच्याकडून खडूने रेघ मारून घेतली होती, ती बघून मी ठरवलं की याला शिकवावं आणि नोकरीला लावावं.

तो बिचारा कोपरे ओढत बसायचा. वर रेघांची जाळी काढायचा, एक एक रेघ मला विचारायचा. आणि आडवा पडलेला माणूस बोलतो बरं का. उभ्याने जे सांगणार नाही ते छताकडे बघत सांगतो. एका मुलीबद्दल सांगितलं, जमता जमता फिसकटलं ते. कामाचा कंटाळा आलाय म्हणाला. मी पडलो त्या दिवशी तो दुकानात यायचा होता, आला असता तर तागा त्यानेच काढला असता, हेही सांगितलं. मी म्हटलं, मग तू पडला असतास. त्यावर तो उगाचच एक कोपरा ओढत राहिला. एक गोष्ट मात्र त्याने कधी काढली नाही, आणि ती मला अशी कळली की त्याला पत्ताही लागला नाही.

त्या दिवशी आवाजाची तक्रार होती. त्याने त्याचा फोन ब्लूटूथने प्रोजेक्टरला जोडला, काहीतरी वाजवून बघितलं आणि तेवढ्यात फोन आला म्हणून बाहेर गेला. फोन जोडलेलाच राहिला. तो बाहेर हॅलो हॅलो करतोय, त्याला काही ऐकू येत नाही, आणि पलीकडचा माणूस माझ्या डोक्याशी स्पष्ट बोलतोय. पलीकडच्याला वाटलं, आपलं ऐकलं जातंय. तो म्हणाला, हे बघा, तुम्ही वडिलांची सोय लावायला मुदत मागितली, आम्ही दिली. परत मागितली, परत दिली. आता नाही जमणार. या महिनाअखेर इकडे येऊन रुजू व्हा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल. चांगलं काम आहे, असं परत मिळणार नाही तुम्हाला. एवढं बोलून त्याने ठेवला. बाहेर पोरगा म्हणाला, कट झाला वाटतं. आणि जिन्यात जाऊन परत लावायला लागला.

मी वर बघत पडलो होतो. वर काही नव्हतं, निळा उजेड होता. सगळं एकदम डोक्यात शिरलं. हे नेटवर्क, हे लांबून चालू-बंद करणं, हे सगळं जायची तयारी होती. दूरच्या गावी नोकरी होती, आणि तिथून बापावर लक्ष ठेवता यावं म्हणून हा माणूस यंत्र बसवत होता. ते नीट चालल्याशिवाय त्याचा पाय निघत नव्हता. आणि मी ते नीट चालू देत नव्हतो. म्हणजे बोटसुद्धा न हलवता मी पोराला या कठड्याला बांधून ठेवलं होतं.

मला काय वाटलं? आनंद झाला. खोटं कशाला बोलू. वाटलं, चला, अजून माझ्या हातात काहीतरी आहे. दुसऱ्या दिवशी तो आला तसं मी म्हटलं, चौकट वाकडी आहे. कळून सवरून म्हटलं. तो आडवा झाला, मी कानाला कान लावून घेतला आणि मनात म्हटलं, जातोस कसा बघतो. तिसऱ्या दिवशीही म्हटलं. तो चिडेल असं वाटलं होतं. चिडला असता तर मला जोर आला असता, मी आणखी चार दोष काढले असते. पण तो हूं म्हणायचा आणि रिमोट घ्यायचा.

मग एका संध्याकाळी त्याला उशीर झाला. आला तो डोळे चोळतच. हिने बाहेर विचारलं, कुठे होतास? तो काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. आत आला, आडवा झाला, डोळे बारीक करून वर बघायला लागला. मी विचारलं, डोळ्यांना काय झालं?

"डॉक्टरकडे गेलो होतो," तो म्हणाला. "डोळ्यांच्या. त्यांनी थेंब टाकले म्हणून दिसत नाहीये नीट. म्हटलं तुम्हाला इतकं वाकडं दिसतंय आणि मला सरळ, म्हणजे माझ्याच डोळ्यांत काहीतरी असणार. तुमची नजर काही चुकायची नाही."

"मग काय म्हणाले डॉक्टर?"

"म्हणाले डोळे ठीक आहेत. पण त्यांनाही काय कळणार, ते काही शिंपी नाहीत."

आणि तो हसला. विनोद केला त्याने. मला काही हसू आलं नाही. मी त्याला कैद करून ठेवलं होतं ते एकवेळ चाललं असतं, बाप म्हातारपणी स्वार्थी होतो, लोक समजून घेतात. पण या पोराने माझ्या शब्दावर स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास सोडला होता. समोर सरळ दिसणारी रेघ वाकडी आहे असं मी म्हटलं, तर तो मला खोटं म्हणायच्या ऐवजी डॉक्टरकडे गेला. माझी मला इतकी किळस कधी आली नव्हती. मी म्हटलं, आज राहू दे. आज ठीक आहे. तो म्हणाला, खरंच? मी म्हटलं, हो रे, झोप जाऊन.

त्यानंतर मी तक्रार केली नाही. तोंडावर आली की गिळायची. तो दारातून विचारायचा, ठीक ना? मी म्हणायचो, ठीक. तो दारातच थांबायचा थोडा, आणि जायचा. मला वाटतं त्यालाही चुकल्यासारखं व्हायचं, पण हे माझं वाटणं.

महिनाअखेर आली तशी त्याने मला सांगितलं. खुर्चीत बसून, खाली बघत, गुन्हा कबूल करावा तसं. मी म्हटलं, चांगलं आहे, जा. इतकं सहज म्हटलं की त्याला बहुधा थोडं लागलंच. ही दारात उभी होती. ती पदराने हात पुसत राहिली, आणि हात कोरडेच होते.

निघायच्या दिवशी दुपारची गाडी होती. सकाळी त्याने शेवटचं काम काढलं, कॅमेरा. तिकडून त्याचा चेहरा छतावर यावा आणि इकडून मी त्याला दिसावा म्हणून. कॅमेरा त्याने प्रोजेक्टरच्याच स्टँडवर आवळला, माझ्या उशीवर रोखून. त्या वजनाने स्टँड वाकला. मग परत सगळं पहिल्यापासून, फोकस, कोपरे, जाळी. खाली गाडीवाला हॉर्न द्यायला लागला. बॅग दारात भरून तयार. त्याला घाम फुटला होता. शेवटी तो आडवा झाला, बुटांसकट, पाय बाहेर लोंबत ठेवून.

मी वर बघितलं. चौकट वाकडी होती.

या खेपेला खरोखर वाकडी. डावा खालचा कोपरा बोटभर उतरला होता आणि त्यामुळे सगळी डावी बाजू खाली ओढल्यासारखी दिसत होती. असा कोट कुणी माझ्या दुकानातून घालून बाहेर पडला असता, तर मी रस्त्यात गाठून अंगावरून काढून घेतला असता. मी आयुष्यभर वाकडं चालवून घेतलं नाही. बोटभर तर सोडाच, दोऱ्याइतकं नाही.

"बाबा," तो म्हणाला. त्याचा कान माझ्या कानाला होता. "उशीवरून सरळ दिसतंय का? खरं सांगा. नसेल तर मी आज जात नाही. उद्या परवा जाईन, त्यांना काय सांगायचं ते सांगेन. पण तुमच्या डोक्यावर दिवसरात्र वाकडं ठेवून मी जाणार नाही."

एक शब्द पुरला असता. आणि या वेळेस तो शब्द खराही होता. खाली हॉर्न वाजला. त्याचा श्वास माझ्या गालावर येत होता, भराभर, जिने चढून आल्यासारखा. मला वाटलं, म्हणावं. एक दिवस. फक्त आजचा दिवस. मग वाटलं, आजचं म्हटलं तर उद्याचंही म्हणेन, मी मला चांगला ओळखतो.

"सरळ आहे," मी म्हटलं.

"नक्की?"

"आयुष्यभर काय केलं मी? सरळ आहे म्हणतोय ना. उठ आता, तो हॉर्न बंद कर त्याचा."

तो लगेच उठला नाही. क्षणभर डोकं माझ्या डोक्याला लावून पडून राहिला. मग उठला, कठडा वर केला, खडकन आवाज झाला. फोनवर काहीतरी दाबलं, म्हणाला, सगळं लॉक केलंय, आता कुणाचा धक्का लागला तरी हलणार नाही. माझ्या पायांना हात लावला. ते मला दिसलं. आणि गेला. गालावर तो टेकला होता ती जागा गार पडायला लागली, आणि ती पूर्ण गार होईपर्यंत मी डोळे मिटून होतो.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचा फोन आला, छतावर. आधी घंटा वाजली, मग त्याचा चेहरा उमटला, भिंतीएवढा मोठा, मागे कोरी भिंत. एक खांदा उतरलेला. त्याचा नव्हे, चौकटीमुळे. मी बघत राहिलो. ही बाहेरून धावत आली, पलंगाशी उभी राहून वर बघून बोलायला लागली. त्याला तिचा नुसता आवाज जात होता. तो म्हणाला, आई, तू दिसत नाहीयेस, कॅमेरा उशीवर लावलाय ना, बाबांच्या शेजारी आडवी हो.

ती म्हणाली, इश्श, आता काय या वयात. तो म्हणाला, अगं हो तू. तिचे गुडघे धड नाहीत. तिने कठडा खाली केला, स्टूल ओढलं, त्यावर चढली, कण्हत कुंथत पलंगावर आली, मला ढकललं बहुतेक, आणि आडवी झाली. उशीवर जागा कमी. तिचं डोकं माझ्या डोक्याला लागलं. केस ओलसर होते, नुकतं तोंड धुतलं असावं. मी पडल्यापासून ती माझ्या शेजारी झोपली नव्हती. कशी झोपणार, पलंग एका माणसाचा.

"आता दिसतेस," पोरगा वरून म्हणाला. त्याचा आवाज थोडा घोगरा होता. खोली बरी आहे, लोक चांगले आहेत, काम समजायला वेळ लागेल, असं सांगत राहिला. ही हूं हूं करत होती. मग तिचा हुंकार मध्येच थांबला. तिचं डोकं किंचित हललं, डावीकडे, परत उजवीकडे. मला कळलं, तिला दिसलं. आमच्या दुकानात मी कापायचो, पण शेवटची नजर हिची असायची. कॉलर दोऱ्याने जरी इकडची तिकडे असली तरी ती लांबून, काही न बोलता, नुसतं बोट दाखवायची.

"आई, तुला बरोबर दिसतंय ना? बाबांना विचारायला नको, ते आता सगळ्याला ठीकच म्हणतात. तू सांग. सरळ आहे ना चित्र? नाहीतर सुट्टी टाकून येतो मी, एका दिवसाचं तर काम आहे."

मी डोळे फिरवून बघायचा प्रयत्न केला, मला तिच्या कपाळाची कड तेवढी दिसली. तिला फक्त एवढंच म्हणायचं होतं, वाकडं आहे, ये. माझ्याइतकीच, कदाचित माझ्यापेक्षा जास्त, तिला तो हवा होता. मला कूस बदलून द्यायला, उचलून बसवायला आता ती एकटी होती.

"सरळ आहे रे," ती म्हणाली. "एकदम सरळ. तू तुझं बघ. वेळेवर जेव."

तो आणखी थोडं बोलला आणि गेला. वर रिकामी निळी चौकट राहिली, डाव्या कोपऱ्यात उतरलेली. बटणं बंद, पासवर्ड त्याच्याकडे. ही उठेल असं मला वाटलं, बाहेर मशीनवर अर्धवट काम पडलं होतं. ती उठली नाही. त्या कोपऱ्याकडे बघत तशीच पडून राहिली.

"आता हे आपल्याला रोज बघावं लागणार," ती म्हणाली.

मी म्हटलं, हो.